सातव्या पायरीवरची जागा

“छत्रीचं साल तुझ्या नावावर हाय दिनकर. ते तू कबूल केलंयस. आता वकिली नको.”

“कबूल केलंय लगा, पण सेल्फ गोल काय माझ्या छत्रीनं मारला?”

“उघडली कुणी?”

“वळीव आला! टक्कल भिजत हुतं माझं.”

“आमची काय वाळत घातली हुती?”

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या सोप्यात आले तेव्हा बाजीरावकाका आणि दिनकरमामा असे एकमेकांच्या अंगावर आले होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, दोघांच्या मधे बसून पेपरच्या मागच्या पानात तोंड घालून हसत होते. आदल्या दिवशी आमची चिंचबन तालीम सेमीफायनल जिंकली होती आणि तब्बल सहा वर्षांनी फायनलला पोचली होती. फायनल पुढच्या रविवारी, बुरूजवाल्यांशी. त्यामुळे ह्या रविवारी बैठक आमच्या सोप्यात.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेपेठेच्या तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि पोरं चालायला लागली की आधी रंग ओळखायला शिकतात, मग अक्षरं. आमचा रंग हिरवा. माझ्या लहानपणी चिंचबननं सहा वर्षांत पाच चषक आणले होते. ती पाचही वर्षं हे तिघं आणि शिरपाकाका असे चौघे स्टेडियमच्या एकाच पायरीवर, वरून सातव्या, एकाच क्रमानं बसले. रेलिंगच्या कडेला शिरपाकाका, मग बाजीरावकाका, मग दिनकरमामा, मग आण्णा. मी बसण्याएवढी झाले तशी आण्णांच्या पलीकडे मी. पाच चषक आले ते ह्या बसण्यामुळेच, याबद्दल चौघांच्याही मनात तिळमात्र शंका नव्हती. खेळाडू येतात-जातात, पायरी तीच.

मग ती तीन वर्षं आली. तीन फायनल, तिन्ही हातातोंडाशी येऊन गेल्या. त्या सालांना आकडे नव्हते, नावं होती. पहिलं चपलेचं साल. बाजीरावकाका नवी चप्पल घालून आले आणि आमची शेवटची पेनल्टी बारवर आदळली. पुढच्या वर्षी ते सबंध स्पर्धा अनवाणी. दुसरं छत्रीचं साल. आणि तिसरं शिरपाचं साल. त्यानंतर संघच घसरला, जुने खेळाडू थकले, फायनल कशी असते ते पेठ विसरून गेली. पण ह्या तीन सालांची चर्चा काही थांबली नाही. दर रविवारी मढं उकरून बघायचे.

“ते असू दे,” आण्णांनी पेपर खाली ठेवला. “मी काय म्हणतो, शिरपा फायनलला यायचं म्हणतोय.”

चहा ओठांपर्यंत नेलेला बाजीरावकाकांचा हात तिथंच थांबला.

“आपल्या पायरीवर?”

“मग काय बुरूजवाल्यांच्यात बसंल?”

“ठरलंय विष्णू. एकदा चषक येऊ दे, मग खुशाल ये म्हणावं. मी सोता हार घालतो.”

“पुढच्या वर्षी त्याला दिसणार न्हाई बाजी. उजवा डोळा गेलाय. डाव्याचा पडदा सुटत चाललाय, डॉक्टर म्हणाला. आत्ताच त्याला माणसं रंगावरनं वळखायला लागतात.”

शिरपाकाका शिंपी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. चिंचबनचे सगळे झेंडे त्यांच्याच मशीनवर शिवलेले. सहा वर्षं ते आमच्या प्रत्येक सामन्याला जात होते, पण आत नाही. स्टेडियमच्या भिंतीबाहेर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभं राहून आवाजावरून सामना ऐकायचे. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तिकीट काढून दुसरीकडे कुठंही बसता आलं असतं. पण चिंचबनच्या माणसाला चिंचबनच्या पायरीवरून उठवलं तर तो दुसरीकडे बसत नाही.

“डोळ्याचं वाईट झालं,” दिनकरमामा हळू आवाजात म्हणाले. ते केएमटीत कंडक्टर होते, हळू बोलले तरी शेवटच्या सीटपर्यंत जायचं. “पण विष्णू, तू त्या दिवशी शेवटी नव्हतास. आम्ही बघितलंय. एक-शून्यनं पुढं. धा मिनटं राहिलेली. तुझ्या पोरीला चक्कर आली, तू तिला घेऊन गेलास. आजारपणाला आपल्यात माफी हाय. तुझी जागा रिकामी ठेवली, रुमाल टाकला.”

“आणि ह्यो बाबा,” बाजीरावकाकांनी कप ठेवला, “रेलिंग सोडून उठला, आमच्या दोघांच्या गुडघ्यांवरनं उड्या टाकत गेला, आणि ही पोरगी बसली हुती बरोब्बर त्या जागंवर जाऊन बूड टेकलं! रिकामी जागा चालती रे, भरलेली चालत न्हाई. शेवटच्या तीन मिनटांत दोन गोल. आम्ही वरडतोय, ऊठ शिरपा, ऊठ. हलंल तर शपथ. सामना संपला, सगळी पेठ रडत बाहेर गेली, ह्यो तिथंच बसलेला. देवळात बसल्यागत.”

“विचारलं तर म्हणतो, ऊन येत हुतं,” दिनकरमामा म्हणाले.

आण्णांनी मान खाली घातली. ते तिथं नव्हते, त्यामुळे ह्या खटल्यात त्यांना बोलायला जागाच नव्हती.

माझ्या हातातला ट्रे मात्र एकदम जड झाला. मी एकोणीस वर्षांची होते. शिरपाकाकांनी जागा बदलली म्हणून त्यांना काढलं, एवढं मला सहा वर्षं माहीत होतं. पण कुठली जागा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मी आत जाऊन ट्रे ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

शिरपाकाका मशीनवर वाकून झेंड्याची कड मुडपत होते. नाक कापडाला लागेल इतके वाकलेले. हिरवा ढीग पायाशी.

“कोण?”

“मी, तेजू.”

“बरी आलीस. सुईत दोरा ओवून दे की. अर्धा तास झालं ती मला चकवतीय.”

मी दोरा ओवला. मग तिथल्या स्टुलावर बसले. काय विचारायचं ते सबंध गल्ली चालताना पाठ केलं होतं, आणि आता मी दोऱ्याचं रीळ हातात फिरवत होते.

“निकाल लागला वाटतं,” ते म्हणाले. “चेहरा दिसत न्हाई गं, पर बसलीस कशी त्यावरनं कळतंय. न्हाई म्हणाले न्हवं?”

“काका, त्या दिवशी तुम्ही माझ्या जागेवर का बसलात?”

“ऊन येत हुतं डोळ्यावर.”

“माझ्या जागेवरही ऊनच होतं. मी सबंध सामना कपाळावर हात धरून बघत होते.”

त्यांनी मशीनचं चाक फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं.

“लई शिकलीस तू तेजे.”

“तुम्हाला दिसलं होतं ना?”

त्यांनी मशीनवरचा हात काढला. पण आता मला आठवायचं थांबता येईना.

त्या दिवशी मला चक्कर आलेली नव्हती. मी तेरा वर्षांची होते. पांढरी सलवार, हिरवा कुडता. आम्ही एक गोलनं पुढं होतो आणि माझ्या पोटात सकाळपासून दुखत होतं. मी जराशी उठून बसले आणि आण्णांनी खाली पाहिलं. गळ्यातलं हिरवं उपरणं काढून माझ्या कमरेला गुंडाळलं, घट्ट गाठ मारली आणि माझा हात धरून त्या तेवढ्या गर्दीतून, पेठेची तीन वर्षांतली सगळ्यात मोठी दहा मिनिटं पाठीमागे टाकून चालायला लागले. आई तेव्हा गडहिंग्लजला आजीकडं गेलेली. आण्णांनी शेजारच्या शैलाकाकूंना हाक मारली, मला त्यांच्या हवाली केलं, आणि स्वतः बाहेर पायरीवर दाराकडे पाठ करून बसून राहिले. स्टेडियमचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. दोनदा मोठा आवाज उठला. आवाज आपला की त्यांचा हे आण्णांना लांबूनही कळायचं. त्यांनी दोन्ही वेळा नुसता गुडघ्यावर हात फिरवला. मग आत येऊन माझ्यासाठी चहा केला. त्यात इतकी साखर होती की चमचा उभा राहिला असता. “पी,” म्हणाले. “लई मोठी झालीस.” त्यानंतर त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत आणि मी त्यांच्याशी नाही.

मी उठून गेले त्या जागेवर मागे काय राहिलं असेल, हा विचार सहा वर्षांत मला एकदाही शिवला नव्हता.

“एवढंसं हुतं,” शिरपाकाका म्हणाले. बोटाच्या पेराएवढं माप त्यांनी दाखवलं, शिंप्याच्या सवयीनं. “पर सिमेंट पांढरं. आणि मागच्या पायरीवर पोरं हुती झेंडे घेऊन, कवा बी खाली उतरून नाचली असती. कुणाचं तरी ध्यान गेलं असतं. मग ही कुणाची पोरगी बसली हुती, असं झालं असतं. पेठेतली तोंडं तुला म्हाईत न्हाईत. मला तीन भणी, तेजे. आई लौकर गेली. मला कळतंय ते. म्हटलं, आपण जाऊन टेकावं. सगळी गेल्यावर बाटलीतलं पाणी ओतून घासलं आणि आलो.”

“आणि ते दोन गोल?”

“ते झालं की!” ते एकदम हसायला लागले. “पयला झाला तवा म्हटलं, योगायोग. दुसरा झाला तवा मला बी शंका आली, आयला, खरंच माझ्या बुडानं झालं का काय?”

मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की माणूस कसा दिसतो ते त्यांना दिसत नव्हतं, हे बरं होतं.

“मी सांगते त्यांना.”

“काय बी बोलू नकोस. विष्णूला बी म्हाईत न्हाई, त्याला बी सांगायचं न्हाई. माझं काय, मी भिंतीबाहेरनं बघतोयच की. तुझं लग्न व्हायचंय. चार बाप्यांच्या तोंडी तुझं नाव नको. शब्द दे.”

मी शब्द दिला.

तो शब्द मी गुरुवारपर्यंत पाळला. चार दिवस. त्या चार दिवसांत दुकानावरून जाताना मी मान वर केली नाही. सहा वर्षं एक माणूस माझ्यासाठी भिंतीबाहेर उभा राहिला होता आणि आता त्याच्याजवळ बघायला एकच डोळा उरला होता, तोही फार दिवस नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तिकिटं घेऊन बाजीरावकाका आले. त्यांचं म्हशींचं दूध काढून झालं की ते यायचे, अंगाला वैरणीचा वास. दिनकरमामा आधीच येऊन बसले होते. चार तिकिटं सोप्यातल्या टीपॉयवर ठेवली. तिघांची आणि माझं.

“पाच पाहिजेत,” मी म्हणाले.

“पाचवं कुणाला?”

“शिरपाकाकांना.”

“तेजू,” बाजीरावकाका समजुतीच्या सुरात म्हणाले, “ते ठरलंय बाळ. जागा सोडली त्यानं.”

“जागा पहिल्यांदा मी सोडली.”

“तुला चक्कर आली हुती.”

“चक्कर नव्हती आली.” माझा आवाज मलाच परका वाटला. “मला पहिल्यांदा पाळी आली होती. तिथंच, त्या पायरीवर. डाग पडला होता. शिरपाकाका जाऊन त्याच्यावर बसले. कुणाला दिसू नये म्हणून. सामना संपल्यावर सगळे गेले, तेव्हा त्यांनी ती पायरी धुतली. म्हणून ते उठत नव्हते.”

सोप्यात असं काही बोलायची पद्धत नव्हती. आमच्याच काय, आख्ख्या गल्लीतल्या कुठल्या सोप्यात नव्हती. दिनकरमामांनी टकलावरून हात फिरवला आणि तो तिथंच राहू दिला. बाजीरावकाका तिकिटांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ओठ हलले. ते काय म्हणणार ह्याची मला भीती वाटली. शेवटी माणसं तीच होती, चप्पल आणि छत्रीवर फायनल हरणारी. आता माझ्यावर हरली असती.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती कधी दारात येऊन उभी राहिली होती कोण जाणे. हातात पोळपाट.

“काय भाऊजी, आता पायरीवर गोमूत्र शिंपडायला निघालाय काय? तसं काय डोक्यात असंल तर आत्ताच सांगा. आजपास्नं ह्या घरातला च्या बंद.”

“वैनी, काय बोलताय!” बाजीरावकाका दचकून उठलेच. “मला तीन पोरी हाईत घरात.” मग खाली बसले. तिकीट उचललं, उलटंपालटं केलं. “दिनकर,” ते शेवटी म्हणाले, “म्हंजे ह्यानं जागा सोडली न्हाई रे. राखली.”

“मग मी काय सांगतोय सहा वर्सं?” दिनकरमामा म्हणाले.

“तू कवा सांगितलंस?”

“मनात म्हणत हुतो.”

“मनात! आणि तोंडानं तू काय म्हणत हुतास, ते सांगू?”

आण्णा माझ्याकडे बघत होते. मग उठले, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

“अहो, कुठं निघालात?” आईनं विचारलं.

“शर्ट शिवायला टाकायचाय,” आण्णा म्हणाले.

हातात कापड नव्हतं. ते परत आले तेव्हा जेवणं होत आली होती. शिरपाकाकांशी काय बोलले, ते ना त्यांनी सांगितलं, ना कुणी विचारलं. फक्त हात धुताना म्हणाले, “शब्द मोडलास म्हणून तुझ्यावर रागावलाय तो. फायनलला तुझ्याच शेजारी बसणार म्हणतो, शिक्षा म्हणून.”

रविवारी आम्ही पाचजण सातव्या पायरीवर. क्रमावरून पुन्हा भांडण झालंच. शिरपाकाका रेलिंगला हवेत, असं दिनकरमामांचं म्हणणं. क्रम आता नव्यानं लावावा, असं बाजीरावकाकांचं. शेवटी शिरपाकाकांनीच मिटवलं. “मला काय दिसत न्हाई, मला बोलणारं माणूस शेजारी पायजे. बाकी तुमी झाडावर बसा.” ते माझ्या पलीकडे बसले. मागून चिंचबनची पोरं ताशा वाजवत होती, समोर बुरूजवाल्यांची तांबडी बाजू नुसती उसळत होती.

सामना सुरू झाला आणि मी बोलायला लागले. चेंडू कुणाकडे, डावीकडून कोण पळतोय, कोण पडला, कोणाला पिवळं कार्ड. सुरुवातीला लाजत, मग पहिल्या पंधरा मिनिटांत मी विसरूनच गेले आणि बाजीरावकाकांच्या वरताण ओरडायला लागले. शिरपाकाका मान तिरकी करून, डावा डोळा बारीक करून बघत होते. मधेच म्हणायचे, “हिरवं दिसतंय उजवीकडं. गेलं काय आत?” “नाही काका, कॉर्नर.” “कॉर्नर का असंना. दिसतंय न्हवं.”

मध्यंतरात आण्णांनी शेंगांची पुडी पुढं केली. शिरपाकाकांच्या हातात ती ठेवताना त्यांचा हात दोन क्षण तिथंच राहिला. दिनकरमामा लगेच म्हणाले, “हलू नको विष्णू, उगंच काय तरी व्हायचं.” आण्णा म्हणाले, “होऊ दे.” इतकंच. पण मी आण्णांना सामन्याच्या दिवशी असं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तो सामना आम्ही एक-शून्यनं हरलो. आज पेठेत त्या सालालाही नाव आहे आणि दर रविवारी त्याच्यावरही वाद होतात, पण मला तो गोल जसा झाला तसाच सांगायचा आहे.

शेवटची दहा-बारा मिनिटं राहिली होती. आमचा बचाव पुढं सरकला होता. बुरूजवाल्यांचा एक पोरगा मधूनच सुटला. “काका, तांबडा एकटा आलाय, आपला गोलकीपर पुढं धावला, ह्यानं वळवला...” माझं बोलणं मागच्या ताशात बुडालं. चेंडू कोपऱ्यातून आत गेला. पांढरी जाळी फुगली आणि थरथरत राहिली. आमची आख्खी बाजू एका झटक्यात मुकी झाली. मागचा ताशा बंद. बाजीरावकाकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. दिनकरमामांनी डोळे मिटले.

त्या शांततेत शिरपाकाका उभे राहिले. हात वर केले आणि जोरात टाळी वाजवली. एकटेच.

“दिसला!” ते ओरडले. “तेजे, दिसला! जाळी हालली! सगळी हालली, मला दिसली!”

खालच्या पायरीवरची माणसं वळून रागानं बघायला लागली. मी त्यांचा शर्ट ओढला.

“काका, खाली बसा. गोल आपल्यावर झालाय.”

“आपल्यावर?”

“हो.”

त्यांचे वर केलेले हात खाली आले नाहीत. चेहऱ्यावरचं हसूही तसंच होतं, सहा वर्षांचं साठलेलं.

“असू दे गं,” ते म्हणाले. “काय देखणा हुता.”